रायफल की शॉटगन: अडचणीत कोणती कामाची?

खांद्याला लावून झाडायच्या या दोन्ही बंदुका लांबून सारख्याच दिसतात. फरक आहे तो नळीच्या आत. रायफलच्या नळीत पीळदार आटे असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते आणि लांबवर नेम धरते. शॉटगनची नळी गुळगुळीत असते. तिच्या काडतुसात बहुधा छऱ्यांचा गठ्ठा असतो आणि नळीबाहेर पडताच तो पसरायला लागतो. उडता पक्षी त्यामुळेच सापडतो, पण तीस-चाळीस मीटरपुढे त्या छऱ्यांचा फारसा भरवसा नाही.

मार्च 1965 मध्ये ‘व्होस्खोद 2’ यानातले सोव्हिएत अंतराळवीर बेल्यायेव्ह आणि लिओनोव्ह पृथ्वीवर परतताना ठरलेली जागा चुकून रशियातल्या उरल भागातल्या बर्फाळ जंगलात उतरले आणि दोन रात्री तिथेच अडकले. लांडगे-अस्वलांचा मुलूख. पुढे 1986 पासून सोव्हिएतांच्या सोयुझ अंतराळयानात टीपी-82 नावाचं तीन नळ्यांचं हत्यार जाऊ लागलं: दोन नळ्या गुळगुळीत, तिसरी आट्यांची. ही की ती, या भानगडीत न पडता त्यांनी दोन्ही एकत्र बांधून टाकल्या! बाकीच्यांना बहुतेक वेळा एकच निवडावी लागते.

पायी चालायचं असेल तर आधी वजन बघा. पॉइंट 22 रायफलची (0.22 इंच जाडीच्या छोट्या गोळीची) जवळपास तीनशे काडतुसं एका किलोत बसतात, 12 बोअर शॉटगनची (बोअरचा आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक) जेमतेम वीस-पंचवीस. ससा किंवा पक्षी मिळवून पोट भरायचं तर पॉइंट 22 पुरते. पण तिच्यात एक खोट आहे. पेट घेणारा मसाला काडतुसाच्या कडेत भरलेला असतो आणि तो कडेभर नीट पसरला नसेल तर घोडा पडूनही बार होत नाही. मोठ्या रायफलींच्या काडतुसात हा मसाला भरलेली टोपी बुडाच्या मधोमध असते, तिथे हे क्वचित घडतं. अस्वलापुढे पॉइंट 22 घेऊन उभं राहणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तिथे मोठ्या गोळीची रायफल हवी, नाहीतर एकच जड गोळी भरलेली शॉटगन.

भरवशाचं म्हणाल, तर जातीपेक्षा आतली रचना महत्त्वाची. बिजागरीवर मधून दुमडून उघडणाऱ्या शॉटगनमध्ये अडकण्यासारखं फार काही नसतं आणि नळी साफ आहे का हे उघडताच दिसतं. नळीखालचा दांडा मागेपुढे ओढून भरायची पंप शॉटगनही दणकट, पण घाईत दांडा अर्धवट ओढला की हमखास अडकते. दर बारानंतर हाताने कडी मागेपुढे करून भरायची बोल्ट रायफल चिखल-धूळ बरीच सोसते, मात्र कडाक्याच्या थंडीत जाड तेल गोठलं की तीही रुसते. एकच घ्यायची, तर मी मधून उघडणारी दुनळी शॉटगन घेईन, ओझं सोसूनही. मैलोन्‌मैल चालायचं असेल तर मात्र पॉइंट 22.

शॉटगनवाल्यांनी एक पथ्य कडक पाळावं: 12 आणि 20 बोअरची काडतुसं एका खिशात ठेवायची नाहीत. 20 चं काडतूस 12 च्या नळीत पुढे घसरून रुततं. मागून पाहिलं तर नळी रिकामी वाटते, म्हणून माणूस दुसरं भरतो आणि घोडा दाबताच नळी फुटते. 20 बोअरची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. बार झालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण कधी कधी तो उशिरा उडतो.