रॅप्टर आणि बीई-४ : भांडण नवं, मूळ जुनं

स्पेसएक्सचं रॅप्टर भारी की ब्लू ओरिजिनचं बीई-४ भारी यावर वाद घालणारे लगेच थ्रस्टचे (म्हणजे इंजिनाच्या रेट्याचे) आकडे काढतात, पण ही दोन्ही रॉकेट इंजिनं ज्या वाटेने आली ती वाट आधी सोव्हिएत लोकांनी पाडलेली आहे. साध्या इंजिनात पंप फिरवणाऱ्या टर्बाइनचा गॅस बाहेर सोडून देतात, म्हणजे तेवढं इंधन वाया. तोच गॅस मेन चेंबरमध्ये, म्हणजे इंधन जळतं त्या मुख्य कोठीत, नेऊन परत जाळायचा ही झाली स्टेज्ड कम्बशन. यात ऑक्सिजन जास्त ठेवला तर तापलेला ऑक्सिजन धातूच खायला लागतो, त्यामुळे अमेरिकन लोक या प्रकाराच्या फारसे वाटेला गेले नाहीत. सोव्हिएतनी मात्र धातू आणि कोटिंगवर डोकं घालून ते जमवलं, मग १९७४ साली त्यांचा चंद्रावर जायचा प्रोग्रॅम गुंडाळला गेला आणि इंजिन डिझायनर कुझनेत्सोव्हची याच प्रकारची एनके-३३ इंजिनं नष्ट करायची ऑर्डर असूनही गोदामात जपून ठेवली गेली.

नव्वदच्या दशकात अमेरिकेने हे सगळं पाहिलं आणि सरळ विकतच घ्यायला सुरुवात केली. आरडी-१८० हे रशियन इंजिन २००० पासून अमेरिकेच्या रॉकेटवर, म्हणजे अ‍ॅटलसवर उडायला लागलं, चांगलं होतं, स्वस्त पडत होतं, मग स्वतः कशाला खपायचं! २०१४ ला रशियाने क्रायमिया घेतला आणि हा आयता कारभार अंगाशी आला. त्याच ऑक्टोबरमध्ये जुन्या एनके-३३ वर बेतलेल्या इंजिनांचं अमेरिकेचं अँटारेस रॉकेट उडाल्यावर काही सेकंदांतच फुटलं.

आरडी-१८० ला पर्याय म्हणून अ‍ॅटलस उडवणाऱ्या यूएलए या अमेरिकन कंपनीने ब्लू ओरिजिनचा हात धरला. बीई-४ वर २०११ पासून काम चालू होतंच, इंधन मिथेन, आणि चेंबर प्रेशर (त्या मुख्य कोठीतला दाब) मुद्दाम बेताचं, साधारण १३४ बार. रॅप्टर २ मध्ये ते ३०० च्या आसपास आहे. इथे बरेच जण बीई-४ ला नावं ठेवतात, मला ते पटत नाही. ज्याचं इंजिन दुसऱ्याच्या रॉकेटखाली बसणार त्याला डिझाइन कुठेतरी थांबवावंच लागतं, आणि टेस्टला लावलेलं एक इंजिन गेलं तरी शेड्यूल बोंबलतं. २०१७ मध्ये टेस्टवर पॉवरपॅक (इंजिनाचा पंपांचा भाग) गेला तेव्हा हेच झालं, २०१९ ला उडणार म्हणून सांगितलेलं इंजिन यूएलएच्या नव्या व्हल्कन रॉकेटवर प्रत्यक्ष उडालं जानेवारी २०२४ ला.

स्पेसएक्सचं गिऱ्हाईक घरातलंच. त्यांनी स्टेज्ड कम्बशनचाच फुल-फ्लो प्रकार घेतला, म्हणजे दोन प्रीबर्नर (टर्बाइनसाठी गॅस तयार करणारे छोटे बर्नर), एक ऑक्सिजन जास्त असलेला, एक इंधन जास्त असलेला, दोन्ही गॅस होऊनच चेंबरमध्ये शिरतात. सोव्हिएत आरडी-२७० ने हे साठच्या दशकात टेस्टस्टँडवर करून पाहिलं होतं, पण उडालं कधीच नाही, तो मान २०१९ मध्ये स्टारहॉपर या स्पेसएक्सच्या चाचणी यानाखालच्या रॅप्टरला मिळाला. इंजिन बनवायचं, फोडायचं, बदलायचं, परत बनवायचं, हा त्यांचा खाक्या. पहिल्या रॅप्टरचा फोटो बघा, वायरी आणि बारीक पाइपांचं नुसतं जंजाळ, आणि २०२४ चा रॅप्टर ३ एवढा मोकळा की अर्धे पार्ट लावायचे राहिलेत असं वाटावं. ते पाइप बरेचसे इंजिनाच्या भिंतीतच घातलेत आणि वेगळी हीट शील्डही काढून टाकली. हे असं सतत बदलत राहणं परवडतं कारण स्पेसएक्सच्या स्टारशिप रॉकेटच्या बूस्टरला (खालच्या टप्प्याला) एका वेळी ३३ इंजिनं लागतात, त्यामुळे फॅक्टरी चालूच असते.

१६ जानेवारी २०२५ ला योगायोगाने दोघांचा पेपर एकाच दिवशी होता. सात बीई-४ लावलेलं ब्लू ओरिजिनचं न्यू ग्लेन रॉकेट पहिल्याच झेपेत ऑर्बिटला पोचलं पण बूस्टर उतरताना गमावला, तर स्टारशिपचा बूस्टर लाँच टॉवरने अलगद पकडला आणि वरचं यान मात्र फुटलं.