जिभेच्या नसेला किती व्होल्ट पुरे?

अडथळ्याच्या स्लीप ॲप्नियात झोपेत जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट बंद होते. सीपॅप, म्हणजे मुखवट्यातून दाबाने हवा देणारे यंत्र, सोसत नाही अशा काही रुग्णांच्या छातीत, गळपट्टीच्या हाडाखाली, एक यंत्र बसवतात. त्याची तार जिभेला हलवणाऱ्या हायपोग्लॉसल नसेपर्यंत जाते. श्वास आत येताना नसेला हलका विद्युतप्रवाह मिळतो आणि जीभ पुढे सरकते. अमेरिकेत 2014 मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली.

यंत्र बसवल्यावर साधारण महिन्याने ते सुरू करतात. रुग्ण जागा असताना 0.1 व्होल्टच्या पायऱ्यांनी दोन आकडे शोधले जातात: प्रवाह प्रथम जाणवतो तो, आणि जीभ खालच्या दातांपुढे येते तो. त्यानंतर ठरवून दिलेल्या मर्यादेत रुग्ण घरी रिमोटने प्रवाह हळूहळू वाढवतो. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतातच, इथे घाई करू नये.

मग येते स्लीप स्टडीची, म्हणजे झोपेत मेंदू आणि श्वासाची नोंद घेणाऱ्या तपासणीची, रात्र. गाढ झोप लागल्यावर रुग्णाला सवयीच्या व्होल्टेजपासून सुरुवात करतात. श्वास अडला, तर 0.1 ने वाढवायचे आणि काही मिनिटे थांबून पाहायचे. सर्वाधिक चूक होते ती इथेच. आलेखात जाग दिसली की हात आपोआप व्होल्टेज वाढवण्याकडे जातो. पण जाग येण्याआधी श्वास अडला होता का? नसेल, तर झोप प्रवाहानेच मोडली आहे आणि व्होल्टेज कमी करायला हवे. छाती-पोटाच्या पट्ट्यांवर श्वासाचा प्रयत्नच दिसत नसेल, तर तो सेंट्रल ॲप्निया आहे, म्हणजे मेंदूच श्वासाचा आदेश देत नाही. तिथे जीभ कितीही पुढे आणली तरी उपयोग नाही.

कुशीवर सापडलेला आकडा उताणे झोपल्यावर, विशेषतः रेम (स्वप्नांच्या) झोपेत, बहुधा अपुरा पडतो. तेव्हा स्नायू सर्वांत सैल असतात. म्हणून त्या अवस्थेतली काही मिनिटे तरी नोंदवायलाच हवीत.

व्होल्टेज वाढवूनही जमत नसेल, तर इलेक्ट्रोडची मांडणी किंवा स्पंदाची रुंदी (विजेचा प्रत्येक ठोका किती वेळ टिकतो ते) बदलता येते. ती बदलली की आधीचे दोन्ही आकडे बाद होतात आणि जागेपणी पुन्हा शोधावे लागतात. दातांवर घासून जीभ सोलवटत असेल, तर खालच्या दातांवर संरक्षक कवच बसवतात. तोंड उघडे पडणे, नाक चोंदणे हेही तपासावे.

आमच्या मते त्या रात्रीचा सर्वोत्तम आकडा अहवालात ठळक छापणे दिशाभूल करणारे आहे. कदाचित तो कुशीवरच्या वीस मिनिटांचा असतो. खरी परीक्षा घरच्या तपासणीत होते: एकच व्होल्टेज, संपूर्ण रात्र. तिथेही श्वास अडत राहिला, तर यंत्र चालू ठेवून गुंगीत दुर्बिणीने घसा पाहावा. जीभ पुढे येत असूनही मऊ टाळू बंद होत असेल, तर ते तिथेच कळते.