आकड्यापासून प्रॉम्प्टपर्यंत : वर्षभराच्या रीडिंग चॅलेंजची पार्श्वभूमी

जानेवारी उजाडला की वाचनाच्या ज्या याद्या फिरू लागतात, त्यांची कुळे दोन. एक आकड्याचे: वर्षात पन्नास, बावन्न किंवा शंभर पुस्तके. दुसरे प्रॉम्प्टचे, म्हणजे कोणत्या प्रकारचे पुस्तक वाचायचे ते सुचवणाऱ्या ओळींचे: एक कवितासंग्रह, एक अनुवाद, आजवर हात न लावलेल्या प्रकारातले एखादे. दोन्ही आज ‘रीडिंग चॅलेंज’ या एकाच नावाने चालतात, पण त्यांचा उगम वेगळा आणि हेतूही वेगळा. प्रॉम्प्टच्या कुळाला २०१५ च्या सुमारास जे वळण लागले ते ठाऊक नसेल, तर आजच्या याद्यांमधल्या बऱ्याच ओळी तिथे का आल्या हे उमगत नाही.

वर्षभराचे वाचन तारखांना बांधून देण्याची पद्धत मात्र जुनी, आणि ती धर्मग्रंथांच्या वाचनातून आलेली. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या एका तरुण धर्मोपदेशकाने १८४२ मध्ये आपल्या मंडळींसाठी वर्षाचे कोष्टक आखले: जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. ते आजही वापरले जाते. १८७८ मध्ये अमेरिकेत घरबसल्या करायचा चार वर्षांचा वाचनक्रम सुरू झाला. १९०९ पासून तिथे अभिजात ग्रंथांचा ५१ खंडांचा संच विकला गेला. रोज पंधरा मिनिटे वाचा म्हणजे पुरे, असे त्याचे सांगणे होते आणि वर्षातल्या प्रत्येक तारखेला कोणता उतारा वाचायचा हे सांगणारी पुस्तिकाही त्याच्यासोबत होती. या सगळ्यांत पुस्तक दुसऱ्याने निवडलेले असे. वाचकाच्या हाती राहायचे ते पाळणे. मुलांच्या ग्रंथालयांनी यात बदल केला. उन्हाळ्याच्या सुट्टीतले वाचनाचे उपक्रम अमेरिकेत १८९० च्या दशकापासून आहेत. ब्रिटनमध्ये १९९९ पासून दर उन्हाळ्यात सहा पुस्तकांचे आव्हान चालते, त्याला दर वर्षी नवा विषय असतो, आणि कोणती सहा घ्यायची ते मूल ठरवते. चौकट दुसऱ्याची आणि पुस्तक आपले, ही प्रॉम्प्टमागची कल्पना इथे आधीच दिसते.

मोठ्यांच्या जगात मात्र आधी आला तो आकडा. या शतकाच्या पहिल्या दशकात ब्लॉग लिहिणारे वाचक वर्षात पन्नास पुस्तकांचा संकल्प जाहीर करू लागले. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणारे आजचे सर्वांत मोठे संकेतस्थळ २००७ मध्ये सुरू झाले आणि २०११ मध्ये त्याने वार्षिक आव्हान आणले. लक्ष्य टाका, किती वाचून झाले हे दाखवणारी पट्टी भरत जाईल. तुम्ही वेळापत्रकाच्या किती पुस्तके मागे आहात, हेही तिथे दिसते. या एका ओळीने वाचनाचे बरेच नुकसान केले, असे माझे स्पष्ट मत आहे. नऊशे पानांची कादंबरी आणि साठ पानांची दीर्घकथा पट्टीवर सारखीच भरते, त्यामुळे जाड पुस्तके पुढच्या वर्षावर ढकलली जातात आणि डिसेंबरात बारीक पुस्तके शोधण्याची धावपळ सुरू होते. आपण कोणाची पुस्तके वाचतो आहोत, हा प्रश्न तर आकडा विचारतच नाही.

तो प्रश्न दुसरीकडून येत होता. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाशी जोडलेले अनुवादित साहित्याचे संकेतस्थळ निघाले. अमेरिकेत प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांपैकी जेमतेम तीन टक्के अनुवाद असतात, या अंदाजावरूनच त्याचे नाव ठेवलेले होते. नामांकित साहित्य-नियतकालिकांमध्ये स्त्रियांच्या किती पुस्तकांचे परीक्षण होते आणि परीक्षण लिहिणाऱ्यांत स्त्रिया किती, याची मोजदाद एका संस्थेने २०१० च्या अंकांपासून सुरू केली. पुरुषांचे पारडे जवळपास सगळीकडे जड निघाले. २०१२ मध्ये लंडनच्या एका लेखिकेने जगातल्या प्रत्येक देशातले एकेक पुस्तक वर्षभरात वाचायचे ठरवले. तिच्या यादीत १९६ देश होते. साओ टोमे आणि प्रिन्सिपे या पोर्तुगीज बोलणाऱ्या बेट-देशाचे इंग्रजीत काही मिळेना, तेव्हा अनोळखी स्वयंसेवकांनी एका कथासंग्रहाचे भाग वाटून घेऊन तो तिच्यासाठी अनुवादित केला. दक्षिण सुदानला स्वतंत्र होऊन वर्षही झाले नव्हते. तिथल्या एका लेखिकेने तिला खास कथा लिहून पाठवली. चौकट आखली की बाजार कुठे रिकामा आहे हे लगेच समोर येते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. पट्टीवर १९६ भरले असते तर यातले काहीच कळले नसते.

२०१४ मध्ये वर्षभर स्त्रियांचे लेखन वाचण्याची हाक ट्विटरवर दिली गेली. त्याच वर्षी ऑगस्ट हा स्त्रियांच्या अनुवादित लेखनाचा महिना म्हणून पाळायला सुरुवात झाली, तीही एका वाचक मुलीच्या पुढाकाराने. मग आले २०१५. त्या वर्षी दोन मोठ्या याद्या निघाल्या आणि पुढच्या बहुतेक याद्यांनी त्यांचाच साचा उचलला. पहिली सुमारे पन्नास ओळींची, हलक्या मनाची: एका दिवसात संपणारे पुस्तक, आईचे आवडते पुस्तक, केवळ मुखपृष्ठ पाहून उचललेले पुस्तक, सुरू करून अर्धवट सोडलेले पुस्तक. दुसरी २४ ओळींची, म्हणजे महिन्याला दोन, आणि रोख ठेवून केलेली: पंचविशीच्या आतल्या लेखकाचे, पासष्टी उलटल्यावर लिहिलेले, १८५० पूर्वीचे, आफ्रिकेतल्या लेखकाचे, आशियात घडणारे, तुमच्याहून वेगळ्या लिंगओळखीच्या व्यक्तीचे. पहिली यादी तुमच्याच कपाटातली पुस्तके हलवते, दुसरी कपाट बदलायला लावते. तरी दुसरीही एका विशिष्ट खुर्चीत बसूनच लिहिली गेली होती. आशियात राहणाऱ्याला आशियात घडणारे पुस्तक वाचण्यात आव्हान कसले? अनेक भाषांमधल्या वाचकांना अनुवाद हे रोजचेच वाचन आहे, त्यासाठी वेगळी ओळ लागत नाही. पुढे या याद्या जगभर गेल्या, पण हे गृहीतक बराच काळ तसेच राहिले.

खरा वाद पेटला तो लेखक कोण, या प्रॉम्प्टवर. २०१५ च्या फेब्रुवारीत एका अमेरिकन लेखिकेने एक वर्ष गोऱ्या, विषमलैंगिक पुरुषांचे लेखन बाजूला ठेवण्याचे आव्हान दिले आणि तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. लेखकाचा वर्ण पाहून पुस्तक निवडणे हाच भेदभाव, असा आक्षेप होता. तो मला कधी पटला नाही. न ठरवता वाचणाऱ्याची निवडही दुकानाची मांडणी, परीक्षणे आणि जाहिराती आधीच करून ठेवतात. कोणाची पुस्तके परीक्षणाला येतात हे त्या मोजदादीने दाखवलेच होते. पण समर्थकांच्या बाजूनेही पुढे एक गोष्ट चुकत गेली, आणि तिची चर्चा फारच कमी होते.

सप्टेंबर २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या एका लेखिकेने ट्विटरवर ‘ओनव्हॉइसेस’ (म्हणजे ‘स्वतःचे आवाज’) हा हॅशटॅग सुचवला. हेतू मर्यादित होता. मुला-किशोरांच्या पुस्तकात उपेक्षित गटातले पात्र असेल आणि लेखकही त्याच गटातला असेल, तर अशा पुस्तकांची शिफारस एका खुणेखाली सापडावी. पण ही खूण प्रकाशकांच्या जाहिरातीत गेली, साहित्यिक एजंटांच्या मागण्यांत गेली आणि मग प्रॉम्प्ट बनली. प्रॉम्प्ट झाल्याबरोबर तिला उंबरठा आला. चौकटीत टिक करायची तर पुस्तक बसते की नाही हे ठरवायला हवे, आणि ते ठरवायला लेखकाचे खासगी आयुष्य तपासायला हवे. लेखकाला अमुक आजार खरेच आहे का, त्याची लैंगिकता जाहीर आहे का, आजीकडून आलेला वारसा पुरेसा धरायचा का, असे प्रश्न वाचक एकमेकांना सरळ विचारू लागले. ऑगस्ट २०२० मध्ये किशोरांसाठी लिहिणाऱ्या एका अमेरिकन लेखिकेने आपण उभयलिंगी आकर्षण असलेली स्त्री आहोत, असे जाहीर केले. समलिंगी मुलाची गोष्ट विषमलैंगिक बाईने का लिहावी, म्हणून तिच्यावर अनेक वर्षे टीका होत होती. आपल्याला हे अशा रीतीने सांगायचे नव्हते, असेही तिने लिहिले.

तरीही २०२१ च्या एका मोठ्या यादीत ‘ओनव्हॉइसेस’ ही संज्ञा एकाहून अधिक ओळींत होती. त्याच वर्षी जूनमध्ये, बालसाहित्यातल्या विविधतेसाठी काम करणाऱ्या आणि ही संज्ञा रुजवण्यात वाटा असलेल्या अमेरिकन संस्थेने ती वापरणे थांबवले. संज्ञा फार सैल झाली आहे आणि तिने लेखकांना अडचणीत, काही वेळा धोक्यात टाकले आहे, असे कारण दिले गेले. यापुढे लेखक स्वतःचे जे वर्णन करतात तेच वापरायचे ठरले. निर्णय योग्यच होता, फक्त फार उशिरा आला. उपेक्षित लेखकांना वाचा, असे सांगण्यात काहीच वावगे नव्हते. वाचकाला पंच करून लेखकाला साक्षीला उभे करणे, ही त्या याद्यांची चूक होती.

त्यानंतरच्या याद्यांची भाषा सावध झाली आहे. लेखकाने जाहीरपणे सांगितलेली ओळख किंवा पुस्तकाचा विषय यांवर बेतलेल्या ओळी अधिक दिसतात. सप्टेंबर २०२१ मध्ये अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर छापावे, अशी मागणी करणारे खुले पत्र निघाले आणि अनुवाद मोजणाऱ्यांचे लक्ष अनुवादकाकडे वळले. साधनेही बदलली. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रोग्रॅमर तरुणीने सुरू केलेल्या वाचननोंदीच्या ॲपमध्ये कोणालाही स्वतःचे प्रॉम्प्ट लिहून आव्हान काढता येते, आणि लक्ष्य पुस्तकांऐवजी पानांत किंवा तासांत ठेवता येते. ऐकलेले ऑडिओबुक वाचनात धरायचे का, हा वाद त्यामुळे जवळजवळ निवळला. एक पुस्तक दोन ओळींत चालवायचे का, हा मात्र अजून दर जानेवारीला उकरून निघतो. २०१५ ची ती २४ ओळींची यादी काढणारे हे वाचकावर सोपवतात; काही गट एका ओळीला एकच पुस्तक यावर अडून आहेत आणि त्यांच्याकडे त्यासाठी पानभर नियम आहेत.