पाऊण तास आमचा, बाकीचा दिवस घरचा

हे पत्रक तुम्ही उचललंत, म्हणजे मनात घरातलं कुणीतरी आहे. चालायला उशीर लागलेलं बाळ असेल, चार वर्षांची होऊनही न बोलणारी मुलगी असेल, डाऊन सिंड्रोम असलेला तिशीतला भाऊ असेल, किंवा अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवा हात मांडीवर घेऊन सोप्यावर बसून राहणारे वडील असतील. फोंडा तालुक्यातल्या आमच्या छोट्या केंद्रात या सगळ्यांसाठी फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी आणि विशेष शिक्षणाची सोय आहे.

फी भरण्याआधी एक हिशेब मात्र बघा. आठवड्यातून दोन वेळा पाऊण पाऊण तास, म्हणजे दीड तास मूल आमच्याकडे असतं. आठवड्याचे तास १६८. झोपेचे वगळले तरी शंभराच्या आसपास तास ते घरात, शाळेत, अंगणात असतं. हात, पाय, जीभ जे काही शिकतात ते बहुतेक तिथंच. म्हणून आम्ही पालकांना बाहेर बाकावर बसवत नाही. आई, बाबा, आजी, जो कुणी दिवसभर सांभाळतो, त्यानं आत यायचं, बघायचं आणि आमच्यासमोर स्वतः करून दाखवायचं.

कोण काय बघतं

मान धरणं, बसणं, उभं राहणं, ताठरलेले स्नायू हे फिजिओथेरपीचं काम. ऑक्युपेशनल म्हटलं की पुष्कळांना नोकरीचं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात माणसाचा दिवस ज्यात जातो ते सगळं त्यात येतं: बटण लावणं, भात कालवणं, आंघोळ, खेळ, आणि पुढे वय वाढल्यावर कामधंदाही. स्पीच थेरपिस्ट बोलण्याबरोबर चावणं आणि गिळणंही तपासतात, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

गिळण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं चूक महागात पडते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसणं) असलेल्या मुलाला मांडीवर आडवं घेऊन भरवायची सवय घरोघरी दिसते. मान मागे पडलेली असताना घास श्वासनलिकेत जायची भीती असते. मुलाला बसतं करा, पाठीला आधार द्या, पाय खाली टेकू द्या, हनुवटी किंचित छातीकडे ठेवा. पहिला घास गिळला याची खात्री करूनच दुसरा द्या. जेवताना वारंवार खोकला येतो, जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येतो किंवा छातीत पुन्हापुन्हा कफ भरतो, असं असेल तर पुढच्या वेळेची वाट न बघता कळवा. पातळ पेज काही मुलांना घट्ट भातापेक्षा अवघड जाते. ते मूल बघून ठरतं, शेजारणीच्या सल्ल्यानं नव्हे.

न बोलणारं मूल आणि घरातली कोकणी

आधी कान तपासा. हाक मारली की वळून बघतो म्हणून ऐकू येतं असं धरून चालू नका. काही आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत, असंही असतं. बेरा ही कानांची तपासणी मूल झोपलेलं असताना होते आणि दुखत नाही. तिचा अहवाल हातात येईपर्यंत आम्ही स्पीच थेरपीचा आराखडा पक्का करत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. गोव्यात घरी कोकणी, वाचायला मराठी, शाळेत इंग्रजी असं पुष्कळ ठिकाणी चालतं. मूल बोलेना की कुणीतरी सांगतं, आता घरात फक्त इंग्रजी बोला. आईला जी भाषा सहज येत नाही, त्या भाषेत ती मुलाशी मोजकंच बोलते आणि घर मुकं होतं. दोन भाषा कानावर पडल्यानं बोलणं लांबत नाही. ऑटिझम किंवा डाऊन सिंड्रोम असलेली मुलंही दोन भाषा शिकू शकतात. आजीची कोकणी बंद करू नका. चित्रांची कार्डं वापरली तर मूल बोलायचा आळस करेल, हीही भीती सोडा. ‘पाणी’चं चित्र दाखवून पाणी मिळालं की रडणं कमी होतं, आणि शब्दाला वाट मिळते.

आमची खरी साधनं तुमच्या घरात आहेत

रंगीत चेंडू, झोपाळा, लाकडी ठोकळे आमच्याकडे आहेत. पण एका मुलानं आमची माती चिमटीत धरायला तीन आठवडे नकार दिला आणि चवथीच्या आधी घरी नेवऱ्यांच्या कडा दाबायला तो आपणहून बसला. चिमटीचं बळ तेच, फक्त आता त्याला कारण मिळालं होतं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक घराला आधी विचारतो, तुमच्याकडे दिवस कसा जातो?

चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधताना मुलाला बाजूला बसवू नका. नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंग एकेक करून त्याच्या हातात द्या, नाव घ्या, जड की हलकं ते विचारा, वर बघून हात उंचावू द्या. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की पैसे घेऊन दारात जाणं, किती उंडे (पाव) ते सांगणं, उरलेले सुटे परत घेणं, यात चालणं, बोलणं आणि मोजणं तिन्ही आलं. मे महिन्यात भिरंडं (कोकमाची फळं) फोडून बिया वेगळ्या काढणं अर्धांगवायूनंतरच्या कमजोर हाताला चांगला व्यायाम आहे. चांगल्या हातानं धरायचं, कमजोर हातानं काढायचं. सुरी तेवढी दुसऱ्यानं चालवायची. आणि एक कळकळीची विनंती: उठवताना तो लुळा हात धरून ओढू नका, खांदा सांध्यातून सरकतो आणि ते दुखणं महिनोन् महिने जात नाही.

नरकासुराची रात्र आणि शिमग्याचे ढोल ऑटिझम असलेल्या काही मुलांना अक्षरशः अंगावर येतात. ते मूल हट्टी नसतं, त्याच्या कानांना तो आवाज खरोखर सोसत नाही. चार दिवस आधीपासून चित्रं दाखवून काय होणार ते सांगा, कानांवर लावायचे मफ जवळ ठेवा, आणि लांबून दहा मिनिटं बघून परत या. पुढच्या वर्षी पंधरा.

चिऱ्याच्या पायऱ्यांवर व्हीलचेअरसाठी उतार बांधायचा असेल तर गवंड्याला एवढंच सांगा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असल्या तर अठरा फूट लागतात. अंगणात जागा कमी पडते, मग तो वळवून घ्यावा लागतो. आखणी करायला आम्ही येतो. उताराला खडबडीत फरशी घाला, आपल्या पावसात गुळगुळीत फरशीवर सांभाळणाराच आधी घसरतो.

मोठी झालेली मुलं

अठरा पूर्ण झाली की विशेष शाळा सुटते आणि पुष्कळ तरुण घरी टीव्हीसमोर बसतात. आम्हाला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. कपडे घडी करणं, फुलांच्या माळा करणं, दुकानात माल लावणं, कदंब बसनं ठरलेल्या थांब्यापर्यंत एकट्यानं जाणं हे टप्प्याटप्प्यानं शिकवता येतं. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव सुरू झाला, तिथं पालकांनी एकदा तरी जावं. काम करणारी, गाणारी, भाषण करणारी दिव्यांग माणसं बघितली की आपल्या मुलाकडे बघायची नजर बदलते.

कागदपत्रांत यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आधी करा. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के किंवा अधिकचा दाखला लागतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. याच चार गटांतल्या मुलांचं कायदेशीर पालकत्व अठरानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून घ्यावं लागतं. दरमहा आर्थिक मदत देणाऱ्या राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज भरायलाही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.

आम्ही काय करत नाही

‘पूर्ण बरा करतो’ असं आम्ही म्हणत नाही. ऑटिझमवर स्टेम सेलचा उपचार म्हणून कुणी लाखो रुपये मागत असेल, तर थांबा. त्याला वैद्यकीय मान्यता नाही. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेत नाही. मुलाचे हात दाबून धरून काही करून घेत नाही. विशेष शिक्षक आणि स्पीच थेरपिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी भिंतीवर लावलेली आहे. कुठंही गेलात तरी ती मागा. दर तीन महिन्यांनी तुमच्यासोबत बसून काय जमलं, काय नाही ते लिहितो. फरक दिसत नसेल तर पद्धत बदलतो, किंवा दुसरीकडे पाठवतो.

बाळ नऊ महिन्यांचं होऊन आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचं होऊन चालत नसेल किंवा एकही शब्द बोलत नसेल, आलेलं बोलणं गेलं असेल, तर ‘याचा बाबाही उशिरा बोलला’ म्हणून वर्ष घालवू नका.

पहिल्या भेटीला दीड तास राखून या. इस्पितळाची जुनी फाईल, कानांचा अहवाल असल्यास तो, आणि घरी जेवतानाचा मोबाईलवरचा छोटा व्हिडिओ आणा. मुलाचा रोजचा पेला आणि चमचाही पिशवीत घाला, आमच्या पेल्यातून ते कदाचित पिणार नाही.