वस्तरा खेचतो की जाळतो?

आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला वस्तरा मी पहिल्यांदा गालावर फिरवला, त्याला आता सहा वर्षं झाली. पात्यावर शेफील्डचा पुसट शिक्का, पाठ जाड, पोट दोन्ही बाजूंनी खोल घासलेलं. बाजारातून धार लावून आणली होती. डोक्याचा एक केस उपटून धारेवर सोडला की तुटून खाली पडायचा. दाढी झकास झाली. तासाभरात मानेवर आग सुरू झाली ती संध्याकाळपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी कॉलरच्या रेषेत लाल पुरळ.

धार कमी असणार, असं म्हणून पुन्हा लावून आणली. या वेळी उजवा गाल लोण्यासारखा झाला, पण मानेपर्यंत पोचेस्तोवर पातं खरखरायला लागलं आणि आग दुप्पट. इथे माझी चूक अशी झाली की दोन वेगळ्या तक्रारींना मी एकच समजत होतो. वस्तरा केस खेचतो, डोळ्यांत पाणी आणतो, ही एक तक्रार. तिथे धार खरंच बोथट असते. वस्तरा सुरेख फिरतो पण नंतर कातडी जळते, ही दुसरी. तिच्यात धारेचा दोष असलाच तर तो बोथटपणाचा नसतो, आणि पुष्कळदा दोष धारेचा नसतोच.

आकार डोळ्यांपुढे आणले तर हे पटतं. दाढीचा केस साधारण १०० मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. कातडीवरचा मृत पेशींचा राखणदार थर मात्र जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा. केस जिथून उगवतो तिथे कातडी किंचित उंचावलेली असते. पातं चपटं फिरलं तर ते या उंचवट्यांवरून घसरत जातं. उभं झालं तर त्यांचे शेंडे खरवडतं. म्हणून पातं कातडीशी सुमारे ३० अंशांत धरायचं. कोनमापक घेऊन आरशासमोर कोण बसणार? पात्याची पाठ कातडीपासून स्वतःच्या जाडीच्या दीड-दोन पट वर असली की झालं. गालावर हे सहज जमतं. जबड्याखाली मनगट वळतं, कोपर वर जातं आणि नकळत ३० चे ५० अंश होतात. मानच का जळते, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

खरवडलं कुठे गेलंय ते तुरटी सांगते. दाढीनंतर थंड पाणी मारून तुरटीचा ओला खडा चेहराभर फिरवा. जिथे वरचा थर शाबूत आहे तिथे काही जाणवत नाही, जिथे गेलाय तिथे झोंबतं. चेहऱ्याचा नकाशाच मिळतो. सगळीकडे सारखं झोंबलं तर संशय धारेवर किंवा साबणावर. ठरावीक जागीच झोंबलं तर आपल्या हातावर.

माझ्या दुसऱ्या धारेचं काय झालं होतं? वस्तऱ्याची रचना हुशार आहे: पाठ आणि धार दोन्ही पथरीवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर टेकतात, त्यामुळे धारेचा कोन आपोआप ठरतो, साधारण १५ ते १७ अंश. इतक्या बारीक कोनात दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्यावरही घासत राहिलं, तर टोकाला पोलादाचा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पदर तयार होतो. वर्कशॉपात ज्याला ‘बर’ म्हणतात त्याचाच हा नाजूक भाऊ. तो भलताच तीक्ष्ण असतो, केसाच्या परीक्षेत पहिला येतो, आणि पहिल्या गालावरच वाकतो, तुटतो. मागे उरते ती करवत. उपाय ऐकायला विचित्र आहे: धार पथरीवर काटकोनात उभी टेकवून, वजन न देता, एकदाच हलके ओढायची. पदर निघून जातो. मग अगदी हलक्या हाताने पुन्हा फेऱ्या.

त्यानंतर चामोटं, म्हणजे चामड्याचा पट्टा. पाठ पुढे, धार मागे, आणि पट्टा ताणलेला. सैल पट्ट्याला झोळ पडतो आणि धारेचं टोक गोल होतं. सिनेमातला न्हावी फटाफट हात मारतो तो दिसायलाच छान. धुतलेला वस्तरा ओलाच मिटून ठेवला तर रात्रीतून धारेला गंज लागतो. डोळ्यांना दिसत नाही, मानेला कळतो.

केसासारखी मऊ वस्तू पोलादाला काय करणार, असं वाटेल. एमआयटीतले जियानलुका रोशोली स्वतःची दाढी करून पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. त्यांच्या गटाचा निबंध २०२० साली ‘सायन्स’मध्ये आला. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी धारेचे टवके उडत होते. केस वाकला, पात्याला तिरका भिडला आणि नेमका पोलादाच्या अंतर्रचनेतल्या कमकुवत जागी आला, की टवका निघतो. धार बोथट होते ती निव्वळ झिजून नाही.

पोलादाच्या या अंतर्रचनेशी मुंबईचाही जुना संबंध आहे. १७९४ साली डॉ. हेलेनस स्कॉट यांनी इथून भारतीय वुट्झ पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सना धाडले. ते पोलाद हाताळणाऱ्या जेम्स स्टोडार्ट या कारागिराबरोबर पुढे मायकेल फॅरडेने मिश्र पोलादांचे प्रयोग केले, आणि ते १८२० साली छापून आले. वीज आणि चुंबकत्वातलं त्याचं मोठं काम त्यानंतरचं.

आता पाणी. केस स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी पितो, फुगतो आणि कापायला खूपच सोपा होतो. पण त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. जुने न्हावी वाटीतलं पाणी बोटांनी गालावर चोळत बसत, तो वेळकाढूपणा नव्हता. ‘बिनपाण्याची हजामत’ हा वाक्प्रचार ज्याने घडवला त्याला हे गालावर कळलं असणार. मात्र पाणी बोअरचं, दुष्फेन असेल, तर त्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका बनतो. फेस दिसतो, पण गालावर मिनिटभरात बसतो. पातं मग कोरड्या कातडीवर चालतं. मी पावसाचं पाणी वापरून पाहिलं तेव्हा त्याच साबणाचा फेस शेवटपर्यंत टिकला. उकळून गार केलेल्या पाण्यानेही थोडा फरक पडतो.

कुरळ्या दाढीवाल्यांची गोष्ट निराळी. फार जवळून कापलेला केस वळून परत कातडीत घुसतो आणि गाठी येतात. तिथे धार सुधारून काही होत नाही. थोडी खुंटं राहू द्यावी लागतात. पू धरला तर डॉक्टरांना दाखवावं. आणि वस्तरा कोणाला उसना देऊ नये, कावीळ ब रक्तातूनही पसरते.

मी एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो: आधी पदर काढला, मग पाणी, मग कोन. प्रत्येकीला आठवडा दिला. उरली ती एक जागा, जबड्याखाली डावीकडे, रुपयाएवढी. तिथे बोट फिरवून पाहिलं तर केस खाली नव्हे, आडवे, कानाकडे उगवलेले, छोटासा भोवराच. सहा महिने मी तिथे केसांच्या उलट वस्तरा चालवत होतो.