पाणलोटाचं मॉडेल: रनऑफ आणि वॉटर क्वालिटी एकत्र कधी आले

आज स्वॅटसारखं मॉडेल (पाणलोटातून किती पाणी आणि त्यासोबत किती गाळ, नत्र, स्फुरद नदीत जाईल हे काढणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) उघडलं की उतार, माती, जमिनीचा वापर, पाऊस हे सगळं एकामागून एक भरत जायचं आणि मग सिनॅरिओ चालवायचा, म्हणजे नदीकाठी गवताचा पट्टा ठेवला तर स्फुरद किती कमी होईल वगैरे. पण यातलं पाण्याचं गणित (रनऑफ, म्हणजे पावसानंतर जमिनीवरून वाहून जाणारं पाणी) आणि क्वालिटीचं गणित बराच काळ वेगवेगळं चाललेलं होतं, आणि हे माहीत असलं की सेटअप करताना कशाच्या मागे कशाला लागायचं ते आपोआप कळतं.

आधी प्रश्न होता फक्त पाण्याचा. 1674 साली फ्रान्समध्ये पिएर पेरोनं सेन नदीच्या उगमाकडच्या भागात हिशोब मांडून दाखवलं की पडणारा पाऊस नदीतून वाहणाऱ्या पाण्याच्या जवळपास सहापट आहे, तोवर नुसत्या पावसावर नद्या वाहतात हे बऱ्याच जणांना पटतच नव्हतं. पुढे 1932 मध्ये शर्मनचा युनिट हायड्रोग्राफ आला, म्हणजे ठराविक वाहून जाणाऱ्या पाण्यानं नदीचा प्रवाह वेळेनुसार कसा चढतो-उतरतो त्याचा आलेख. क्वालिटीची सुरुवात वेगळीकडे, 1925 मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्सनी ओहायो नदीत सांडपाणी मिसळल्यावर ऑक्सिजन कसा उतरतो नि परत कसा चढतो याचं समीकरण दिलं, पण त्यात जमीन कुठेच नव्हती, होतं ते नदीत पडलेलं सांडपाणी.

मग 1950 च्या दशकात अमेरिकेच्या मृदसंधारण खात्यानं कर्व्ह नंबर आणला, म्हणजे माती आणि जमिनीच्या वापरावरून पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते ठरवणारा आकडा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यायला हवं. 100 मिमी पाऊस धरा, नंबर 70 असेल तर साधारण 33 मिमी वाहून जातं, 80 केला की थेट 50 मिमी! पाऊस तोच, फक्त नंबर दहानं वाढला. जमिनीचा वापर बदलण्याचा सिनॅरिओ आपण करतो तेव्हा आतमध्ये मुख्यतः हाच आकडा हलत असतो, आणि मूळ पद्धतीत पावसाचा जोर धरलेलाच नाही, फक्त एकूण मिलिमीटर.

1966 मध्ये क्रॉफर्ड आणि लिन्सलेंचं स्टॅनफर्ड मॉडेल आलं, त्यात कॉम्प्युटरवर सलग प्रवाह काढता यायला लागला. 1972 च्या क्लीन वॉटर ॲक्ट या कायद्यानंतर अमेरिकेत कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाइपांवर परवान्यांचा वचक बसला, तरी शेतातून येणारा गाळ, नत्र, स्फुरद राहिलाच, आणि दोन्ही बाजू जोडणं भाग पडलं. स्टॅनफर्ड मॉडेलवरून एचएसपीएफ हे पाणी आणि क्वालिटी दोन्ही काढणारं मॉडेल झालं, 1980 च्या क्रीम्स या शेतासाठीच्या मॉडेलपासून पुढे स्वॅट, जे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जेफ अरनॉल्ड यांनी टेक्सासमध्ये उभं केलं.

म्हणून कॅलिब्रेशन (मॉडेलचे आकडे मोजलेल्या आकड्यांशी जुळवणं) आधी प्रवाहाचं, मग गाळाचं, मग नत्र-स्फुरदाचं, कारण स्फुरद बराचसा मातीच्या कणांना चिकटूनच येतो आणि प्रवाह चुकला तर खालचं सगळंच चुकतं. बेसलाइन (काहीही न बदललेली मूळ स्थिती) आणि सिनॅरिओला पाऊस अगदी तोच ठेवायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि नवीन कर्व्ह नंबर टेबलातून उचलण्याआधी तिथल्या मोजलेल्या रनऑफशी ताडून बघायचा.