केबल कार की ट्राम? सॅन फ्रान्सिस्कोत घरच्यांना कशात बसवायचं

भारतातून आई-बाबा बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्या आमच्याकडे आले की दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी ठराव मंजूर होतो : शहरात जायचं आणि 'त्या' गाडीत बसायचं. ती गाडी नेमकी कोणती, यावर मात्र एकमत नसतं. मुलं केबल कार म्हणतात, बाबा ट्राम म्हणतात. आईच्या डोळ्यांसमोर रायगडचा रोपवे असतो, त्यामुळे ती "मला उंचावर गरगरतं, मी खालीच बसते" म्हणून आधीच मोकळी होते.

रोपवेचा प्रश्न लगेच निकालात काढू. सॅन फ्रान्सिस्कोची केबल कार हवेत लटकत नाही, रस्त्यावरच्या रुळांवरून धावते. घोटाळा होतो तो तिच्यात आणि त्याच शहरातल्या जुन्या ट्राममध्ये. दोन्ही रुळांवरून जातात, दोन्हींची घंटा ठणठणते, दोन्ही जुन्या वळणाच्या आणि देखण्या. फोटो बघून 'ट्रामच की ही' असं कोणीही म्हणेल.

ओळखायची खूण सोपी आहे. वर बघा, मग खाली बघा. गाडीच्या टपावरून एक दांडा वरच्या तारेला टेकलेला असेल, तर ती ट्राम. इथे तिला स्ट्रीटकार म्हणतात. (डोक्यावर दोन तारा आणि दोन दांडे दिसले तर ती विजेवरची बस. मार्केट स्ट्रीटवर याही भरपूर आहेत.) दांडा नाही, पण दोन रुळांच्या मधोमध एक अरुंद फट रस्ताभर पळते आहे, तर ती केबल कारची वाट. गाडी नसताना त्या फटीशी जरा थांबून ऐका. खालून सतत घरघर येते. तो पोलादी दोर पळत असतो.

सगळी गंमत त्या दोरात आहे. केबल कारला स्वतःचं इंजिन नाही, मोटर नाही. वॉशिंग्टन आणि मेसन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक विटांची इमारत आहे. तिथे विजेच्या मोटरी प्रचंड चाकं फिरवतात आणि सव्वा इंच जाडीचे चार दोर रस्त्याखालून अखंड ओढत राहतात. वेग ठरलेला, ताशी साडेनऊ मैल, म्हणजे साधारण १५ किलोमीटर. गाडी चालवणारा ग्रिपमन लांब दांड्याने खालची पक्कड आवळतो आणि पळता दोर धरतो. गाडी निघते. थांबायचं असेल तेव्हा पक्कड ढिली करायची आणि ब्रेक लावायचा. चढावर दोर गाडीला ओढतो, उतारावर तोच तिला आवरून धरतो. म्हणून चढ असो वा उतार, गाडी त्याच शांत चालीने जाते. कॅलिफोर्निया आणि पॉवेल रस्त्यांच्या चौकात दोन दोर एकमेकांना छेदतात. तिथे पॉवेलच्या गाडीला दोर वेळेवर सोडून, तशीच घरंगळत चौक ओलांडून पलीकडे तो पुन्हा पकडावा लागतो. हे बघायला मिळालं तर अर्धं तिकीट वसूल.

ब्रेकही ऐकण्यासारखे आहेत, किंबहुना हुंगण्यासारखे. चाकांवरच्या ब्रेकशिवाय रुळांवर दाबले जाणारे चक्क लाकडी ठोकळे असतात. तीव्र उतारावर लाकूड करपल्याचा वास येतो. घाबरायचं कारण नाही, ठोकळे झिजायचेच आणि दर काही दिवसांनी बदलायचेच असतात. तिसरा ब्रेक आणीबाणीचा : पोलादी पाचर थेट त्या फटीत घुसते. अडकते अशी की पुढे ती सोडवायलाही खटपट करावी लागते.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी? टेकड्यांसाठी. इथल्या चढांवर घोड्यांचे होणारे हाल बघून अँड्र्यू हॅलिडीला कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कथा बाजूला ठेवली तरी त्याचा धंदा खाणींसाठी तारेचे दोर वळण्याचा होता हे खरं. १८७३ साली क्ले स्ट्रीटवर त्याने पहिली केबल कार चालवली. पुढच्या पंधरा वर्षांत विजेची ट्राम आली. तिची मोटर तिच्याच पोटात, रस्त्याखाली दोर पळवायची भानगड नाही, त्यामुळे ती कितीतरी स्वस्त पडली. १९०६च्या भूकंपानंतर बहुतेक केबल मार्ग पुन्हा उभेच राहिले नाहीत, तिथे ट्राम आली. उरले मुख्यतः ते चढ, जिथे ट्रामची पोलादी चाकं पोलादी रुळांवर घसरली असती. हाइड स्ट्रीटवर एका ठिकाणी चढ २१ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की एकवीस फूट वर.

म्हणजे ट्रामने केबल कारला जवळजवळ संपवलंच होतं. १९४७ साली महापौरांनी उरलेल्या गाड्यांपैकी पॉवेल स्ट्रीटच्या गाड्या मोडीत काढून बस आणायचं ठरवलं, तेव्हा फ्रीडेल क्लुसमन या बाईंनी शहरातल्या महिला मंडळांना गोळा केलं, प्रश्न मतदानाला नेला आणि जिंकला. १९६४ साली केबल कारला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी ३१ मार्चच्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. बाबांच्या पिढीतल्या मुंबईकरांना हे सांगून बघा, पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला बोलावं लागणार नाही.

मग जुन्या ट्राम पुन्हा आल्या कुठून? तर केबल कारची बदली म्हणून. दोर आणि रूळ पार जीर्ण झाल्याने १९८२ ते १९८४ केबल कार दुरुस्तीसाठी बंद होती. पर्यटकांना काय दाखवायचं, म्हणून १९८३च्या उन्हाळ्यात मार्केट स्ट्रीटवर जुन्या ट्रामचा उत्सव भरवला. लोकांना तो इतका आवडला की केबल कार परतल्यावरही तो चालू राहिला आणि त्यातूनच १९९५ साली जुन्या ट्रामची कायमची एफ लाइन सुरू झाली. किनाऱ्यालगतचा उंच मोटाररस्ता १९८९च्या भूकंपात खिळखिळा झाला आणि पाडला गेला. समुद्र पुन्हा दिसू लागला आणि २००० साली त्या मोकळ्या किनाऱ्यावरून ट्राम फिशरमन्स वार्फ या पर्यटकांच्या आवडत्या धक्क्यापर्यंत पोचली.

एफ लाइनवर कुठली गाडी येईल हे नशिबावर. नारिंगी, लांबट, आत दोन्ही बाजूंना लाकडी बाकं आणि इटालियन पाट्या असलेली गाडी आली तर ती १९२८च्या घडणीची, मिलानहून आणलेली. तिच्या बहिणी मिलानमध्ये अजून रोज कामावर जातात. गोलसर नाकाच्या गाड्या अमेरिकन, बहुतेक १९४०च्या दशकातल्या, आणि प्रत्येकीला कुठल्या ना कुठल्या शहराच्या जुन्या ट्रामचा रंग दिलेला. मुलांना रंगांवरून शहर ओळखायला लावलं की गाडीची वाट पाहणं जड जात नाही.

आता घरच्यांचं. केबल कारमध्ये बाहेरच्या फळीवर, दांडा धरून उभं राहता येतं. फोटोत दिसते ती हीच जागा. कॉलेजातल्या भाच्याला ती द्या. लहान मुलं आणि आजी-आजोबा आत किंवा बाकावर. पायरी उंच आहे, व्हीलचेअर चढत नाही, बाबागाडी मिटावी लागते. पॉवेल आणि मार्केटच्या कोपऱ्यावर, जिथे गाडी लाकडी चकतीवर हाताने ढकलून वळवतात, तिथली रांग सुट्टीच्या दिवशी तासावर जाते. ट्राममध्ये मात्र आत बसून, खिडकीतून समुद्र बघत निवांत जाता येतं, आणि बऱ्याच थांब्यांवर व्हीलचेअरसाठी उतार केलेला आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला केबल कारच्या रांगेत उभं करणं मला तरी पटत नाही.

पैशांतही मोठा फरक. केबल कारचं एकेरी भाडं २०२० साली ८ डॉलर झालं, तेही एकाच फेरीचं, आणि पाच वर्षांपासूनच्या मुलांनाही ते पूर्ण. ट्राम शहराच्या साध्या बसच्या भाड्यात, मोठ्यांना तीनेक डॉलर, वर दोन तास गाडी बदलायची मुभा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. भाडी बदलतात, निघण्याआधी एकदा बघून घ्या. आणखी एक : रबरी टायर लावलेल्या, केबल कारचा मुखवटा घातलेल्या सहलीच्या बसही रस्त्यावर फिरतात. त्यांच्यात बसायला हरकत नाही, पण ती बस आहे.

म्हणून आमच्याकडचा बेत असा. पॉवेलच्या रांगेत जायचंच नाही. किनाऱ्यावरच्या फेरी बिल्डिंगपासून जवळच केबल कारच्या कॅलिफोर्निया लाइनचं टोक आहे, तिथे गर्दी कमी असते. तिथून केबल कारने नॉब हिल या टेकडीवर चढायचं, म्हणजे चढाची मजा मिळते. उतरून दोर फिरवणाऱ्या त्या विटांच्या इमारतीत जायचं. तिथे संग्रहालय आहे, प्रवेश फुकट, आणि गच्चीवजा सज्ज्यावरून खाली फिरणारी अजस्र चाकं दिसतात. मुलांइतकेच बाबाही तिथून हलत नाहीत. मग टॅक्सीने फिशरमन्स वार्फ, पिअर ३९वरचे समुद्रसिंह, थोडं खाणं, आणि परतीला किनाऱ्याने एफ लाइनची ट्राम.

ऊन चांगलं असेल तर ट्रामच्या थांब्यावर जरा रेंगाळा. इंग्लंडच्या ब्लॅकपूलहून आणलेली १९३४ची उघडी, होडीच्या आकाराची ट्राम अशाच दिवशी कधीमधी बाहेर काढतात. आईला स्वेटर मात्र आठवणीने द्या. इथे जुलैतही खाडीवरचं वारं बोचतं.